लिहिणाऱ्यांचा पत्ता शोधताना

बारामतीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या वाचनालयात वाचकांपेक्षा पिशव्या जास्त यायच्या. “बाई, एवढी मेथी राहू द्या, आलेच,” असं म्हणून आमच्या टेबलाखाली भाजी ठेवून जाणाऱ्या बायका ठरलेल्या होत्या. दुपारपर्यंत वर्तमानपत्रांच्या खोलीत कोथिंबिरीचा वास भरून राहायचा. तक्रार मात्र कुणी केली नाही.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हाची गोष्ट. अशाच एका बाजाराच्या दिवशी कन्हेरीची शालन रिकामी पाटी काखेला मारून टेबलापाशी आली. तिशीच्या आसपासची बाई. सासरची माणसं एके काळी मेंढरं राखणारी, आता ओलिताखालच्या जमिनीत भेंडी-गवार करणारी. दर आठवड्याला भाजी विकून झाली की ती एक कादंबरी घेऊन जायची. त्या दिवशी तिने पुस्तक मागितलं नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “बाई, लिवायला कुठं शिकवत्यात?”

मी म्हटलं, “नगरपालिकेच्या शाळेत साक्षरतेचा वर्ग असतो की, संध्याकाळी.”

“अक्षर येतंय वो मला. धाव्वीपातूर शिकलीया मी.”

“मग टायपिंग म्हणताय का? टायपिंगचा क्लास स्टँडच्या समोर आहे.”

तिने कपाळावर हात मारला. “गोष्ट, बाई, गोष्ट! ही पुस्तकं लिवत्यात ती माणसं कुठंतरी शिकली असतील की न्हाय? त्ये कुठं शिकवत्यात?”

आमच्या गावात वाचनालय म्हणजे चौकशीची खिडकीच. द्राक्षाची रोपं कुठं मिळतात, शिवणाचा क्लास कुणाचा चांगला, हाडाचा डॉक्टर कुठल्या वारी येतो, हे सगळं लोक मला विचारायचे आणि मी सांगायची. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पत्ता नव्हता.

“बघून सांगते,” म्हटलं. ती पाटी घेऊन निघून गेली आणि माझं डोकं जे फिरायला लागलं, ते पुढे कित्येक वर्षं फिरतच राहिलं.

ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारणं, असं पुष्कळांना वाटतं. शिक्के मारतोच आम्ही. फाटलेली पुस्तकं बांधून घेतो, उशिरा आलेल्यांना दटावतो, सरकारी निरीक्षणाच्या आधी आठवडाभर कपाटांची धूळ झटकतो. पण त्या काळात आमची कपाटं कुलूपबंद असत. वाचकाने टेबलापाशी येऊन पुस्तक सांगायचं आणि आम्ही आत जाऊन ते आणायचं. त्यात निम्म्या लोकांना पुस्तकाचं नाव माहीत नसायचं. “मागल्यासारखंच द्या.” “रडू येईल असं द्या.” “ह्यात कोण मरतंय का? मरत असलं तर नको.” अशा मागण्या. त्यामुळे कुणाला काय रुचतं, हे त्याच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक असायचं. तालमीतला एक पैलवान फक्त कौटुंबिक कादंबऱ्या न्यायचा. नेण्याआधी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून घ्यायचा, आणि कुस्तीच्या बातमीचं पान बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे, ही त्याची अट होती. मी ते गुपित जपलं. आमच्या कामात हेही येतं.

तर मी शोधायला निघाले. आधी पुण्यात चौकशी केली. तिथे लेखकांची शिबिरं भरत होती, पण येणाऱ्याचं निदान एक पुस्तक छापलेलं असावं, अशी अट. मग इथल्या एका कॉलेजात गेले. तिथल्या मराठीच्या सरांनी चहा पाजला आणि सांगितलं की आमचं वाङ्मय मंडळ आहे, पण फक्त विद्यार्थ्यांसाठी. भेंडी विकणाऱ्या तिशीच्या बाईला कुठल्या वर्गात बसवायचं, हा त्यांनाही प्रश्न पडला. माणूस चांगला होता, त्यांनी प्रश्नाची चेष्टा केली नाही.

मी हिरमुसून टेबलापाशी बसले असताना जगताप आले. जगताप एस.टी.त कंडक्टर. बारामती-इंदापूर ही त्यांची नेहमीची गाडी. रहस्यकथांचे भक्त. एका फेरीत निम्मी कादंबरी संपवायचे आणि खुनी कोण ते परतीच्या फेरीत ड्रायव्हरला सांगायचे. मी त्यांना सगळं सांगितलं.

“बाई, तुमी हितं बसून माणसं हुडकताय,” ते म्हणाले. “माणसं सगळी माझ्या गाडीत हायेत.”

“लिहिणारी?”

“लिवणारी, वाचणारी, सगळी. मी तिकीट इचारतो तवा जो मान वर करत न्हाय, त्यो वाचणारा. आन् जो खिडकीतनं भाइर बघत ओठ हालवतो ना, त्यो लिवणारा. मी काय उगंच धा वर्सं चिमटा वाजवत फिरत न्हाय.”

त्या दिवसापासून जगतापांनी जे सुरू केलं, त्याला मी तर कामगिरीच म्हणेन. तिकिटाला भोक पाडता पाडता ते लोकांना विचारायचे, “काय लिवता का? कुठं बसता?” काहींना वाटायचं, तपासणी आहे. काही लाजायचे. पण महिन्याभरात त्यांनी मला तीन ठिकाणं सांगितली आणि वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी एकेक ठिकाण बघायला निघाले. लग्न ठरल्यावरही मी एवढी हरखले नव्हते.

पहिलं इंदापूर. तिथे एका सायकलच्या दुकानामागे तीन शिक्षक दर रविवारी बसत. बसायला जुन्या टायरांच्या थप्प्या. एकाने कविता वाचायची, दुसऱ्याने वाहवा म्हणायचं आणि तिसऱ्याने आपली पाळी कधी येते ते बघायचं, अशी रीत. आठ वर्षं त्यांचं हे चाललेलं. मी आत गेले तसे तिघंही गुन्हा करताना पकडल्यासारखे उभे राहिले. त्यांतले थोरले गुरुजी म्हणाले, “आम्हाला वाटायचं, अख्ख्या तालुक्यात आम्ही तिघंच.”

“आणि बारामतीत?”

“बारामतीत कोण लिहील? तिथं सगळे व्यापारी.”

मी हसले. बारामतीतले लोक इंदापूरबद्दल असंच काहीसं बोलायचे.

दुसरं पणदरे. पहाटे दूध घालायला रांग लागते, त्या डेअरीवर. दुधाचा फॅट मोजून होईपर्यंत तिथले सचिव साप्ताहिकात येणारी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे. ज्यांचं दूध घालून झालं होतं तीही माणसं हलत नव्हती. मी गेले त्या दिवशी नायिका घर सोडून निघाली होती. एक आजोबा किटली आपटून म्हणाले, “पोरीचं चुकलं! बापाला एकदा इचारायचं व्हतं.” दुसऱ्याने त्याला तिथंच गप्प केलं, “बाप कसला हाय त्यो ऐकलं न्हायस का मागल्या टायमाला?” दोघांची चांगलीच जुंपली. गाई-म्हशींची माणसं एका कागदावरच्या पोरीसाठी भांडत होती आणि मी किटल्यांच्या मध्ये उभी राहून आनंदाने वेडी झाले होते.

तिसरं वरकुटे. तिथल्या गिरणीत कमल नावाची बाई दळण होईपर्यंत बायकांना वाचलेल्या कादंबऱ्या तोंडी सांगायची. गिरणीचा पट्टा खडखडत असताना तिचा आवाज त्याच्या वर चढायचा. मी विचारलं, “पुस्तकात आहे तसंच सांगता?”

“छ्या! शेवट वाईट असला तर म्या बदलती. ह्या बायांना घरी जाऊन भाकरी थापायच्या असत्यात. रडत कशी थापतील?”

परतीच्या गाडीत मी जगतापांच्या शेजारी उभं राहून बडबडत होते. हे सगळं इथेच होतं! शिबिरं होती, मंडळं होती, वाचक होते, टीकाकारसुद्धा होते. दारावर पाटी नव्हती, एवढंच. आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

आता या सगळ्यांना एका छपराखाली बसवायचं, हे मी ठरवून टाकलं. वाचनालयाचे अध्यक्ष होते तात्या, कापडाचे व्यापारी. मनाने मोठे, पण सरळ रेषेत विचार करणारे. ते म्हणाले, “बाई, वाचनालय वाचायला असतं. लिहायचं असेल त्यानं घरी लिहावं. आपण कुणाला नाही म्हटलंय?”

“तात्या, लिहिलेलं कुणी ऐकणारच नसेल तर घरी तरी कोण लिहील?”

तात्यांनी बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, “करा. पण पाहुणा मोठा आणा. पुण्याचा. नुसतं आपापसांत बसलं तर त्याला कार्यक्रम कोण म्हणेल?”

पुण्याचे एक लेखक यायला तयार झाले. रविवार ठरला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल ठरला. मी शालनला सांगितलं, “शिकवणारं कुणी सापडलं नाही. पण तुमच्यासारखी माणसं सापडलीत. तुम्ही लिहून आणा.”

“काय लिवू?”

“जे कुणाला सांगता येत नाही ते.”

तिने मान डोलावली. पुढचे काही आठवडे तिने पुस्तक नेलं नाही. लिहिलेलं मला दाखवायलाही ती तयार नव्हती. “तवाच ऐका,” एवढंच. घरी कुणाला सांगितलंय का, असं विचारलं तर म्हणाली, “सासरं इचारतील, गोष्ट कुणाची हाय. मग काय सांगू?” तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

रविवारी सकाळी इंदापूरची गाडी स्टँडवर आली आणि जगतापांनी दारातून हाळी दिली, “वाचनालयवाले उतरा!” गाडीतून जवळजवळ सगळेच उतरले. टायरांवर बसणारे तिन्ही गुरुजी, वरकुट्याची कमल आणि तिच्याबरोबर दळणाच्या तीन मैत्रिणी, वाटेत चढलेली कुठली कुठली माणसं. पणदऱ्याहून डेअरीचे सचिव आणि किटली आपटणारे आजोबाही आले. खुर्च्या पुरेनात. आमचा पैलवान शेजारच्या शाळेतून एकेका हातात एकेक बाक घेऊन जिना चढू लागला. मी जिन्यात उभी राहून लोकांची तोंडं बघत होते. अठरा वर्षांच्या नोकरीत वाचनालयात एवढा गलका मी कधी ऐकला नव्हता, आणि ‘शांतता राखा’ या पाटीकडे बघून मला हसू येत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे पाहुणे आजारी पडले होते. घसा बसला होता, येऊ शकत नव्हते.

तात्यांचा चेहरा पांढरा पडला. “हार आणलाय, नारळ आणलाय, शाल आणलीय. आता घालू कुणाला? बाई, चहा देऊ सगळ्यांना आणि हात जोडू.”

“तात्या, ही माणसं चहासाठी आलेली नाहीत.”

“पण शिकवणार कोण?”

मी सरळ माईकपाशी गेले. खरं तर माईक बंद होता, पण सवयीने त्याच्यामागे उभी राहिले आणि म्हणाले, “पाहुणे येऊ शकत नाहीत. आपणच वाचू, आपणच ऐकू. जे पटणार नाही ते तोंडावर सांगायचं.”

मग इंदापूरचे थोरले गुरुजी उठले. त्यांनी कविता वाचली आणि सवयीप्रमाणे वाहवासाठी थांबले. वाहवा आली नाही. किटलीवाले आजोबा म्हणाले, “गुरुजी, आवाज ग्वाड हाय, पर झालं काय त्ये कळलं न्हाय.” हॉल हसला. गुरुजी आधी लाल झाले, मग तेही हसले आणि म्हणाले, “आठ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.” ते खाली बसले ते कागदावर खाडाखोड करतच. मग कमलने एक गोष्ट सांगितली आणि शेवटाला येताच डेअरीचे सचिव ओरडले, “अहो, हे असं नाही! मी वाचलंय ते! ती मरते शेवटी!” कमल कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमच्याकडं मरत असंल. वरकुट्यात न्हाय मरत.” मागे तात्या हार हातात धरून खदाखदा हसत होते.

मग मी शालनचं नाव घेतलं.

ती उठली. पदर नीट केला, घडी केलेले कागद उलगडले आणि वाचायला लागली. मला अजून तिचा तो आवाज ऐकू येतो.

गोष्ट तिच्या सासूची होती. सासू लहानपणापासून मेंढरांमागे फिरलेली. आज या शिवारात, उद्या त्या. रानात घोंगडं टाकून उघड्यावर झोपायचं. म्हातारपणी शेताला पाणी आलं, मेंढरं विकली, स्लॅबचं घर झालं. पण तिला छताखाली झोप लागेना. वर बघितलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं म्हणायची. म्हणून ती अंगणात झोपायची. शालन रोज तिचं घोंगडं झटकून अंगणात टाकायची.

इथवर वाचलं आणि शालन थांबली. ती दाराकडे बघत होती. दारात एक उंच म्हातारा उभा होता. डोक्याला पागोटं, हातात काठी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. ते तिचे सासरे, धुळाआबा. सकाळी कन्हेरीच्या फाट्यावर जगतापांनी भर गाडीत शालनला विचारलं होतं, “ताई, गोष्ट घेतली का?” ते फाट्यावरच्या कुणीतरी ऐकलं आणि घरी पोचवलं. सून मावशीकडे जाते म्हणून निघाली आणि बारामतीत गोष्ट वाचतेय, म्हणून म्हातारा पुढची गाडी पकडून आला होता.

जगताप त्यांच्याजवळ गेले. “आबा, बसा.”

“बसाय न्हाय आलो,” ते म्हणाले. शालनकडे बघून काठी खाली टेकवली. “वाच. थांबलीस कशापायी?”

मला वाटलं, आता हिला घेऊन जाणार. पण शालनने खाली कागदाकडे बघितलं आणि वाचलं. पुढे असं होतं, की एक दिवस म्हाताऱ्याने बायकोला सांगितलं, आजपासून घरात झोपायचं. ती नको म्हणाली. त्याने घोंगडं उचलून आत टाकलं. म्हातारी एक शब्द न बोलता आत गेली. पुढच्या थंडीत ती गेली, तोवर रोज स्लॅबकडे बघत पडून राहिली. त्याने तसं का केलं, हे त्याने कधी सांगितलं नाही. शालनने शेवटी लिहिलं होतं: एवढ्या मोठ्या माळावर तिला हाताएवढी जागा द्यायला याला काय झालं होतं?

धुळाआबा बाकांच्या मधून पुढे आले.

“हे असं न्हाय झालं.”

“मामा,” शालन म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. “मी डोळ्यांनी बघितलंय.”

“बघितलंस त्ये खरं हाय. आत टाकली तिला मीच. पर का टाकली?” ते आता सगळ्यांकडे वळले. “गावात काय बोलत व्हते ठावं हाय? सून सासूला घरात घेत न्हाय. स्लॅबचं घर बांधलं आन् म्हातारीला अंगणात काढली. पान्याच्या टाकीवर, देवळात, सगळीकडं हेच. ही बाजाराला गेली की मागं बोलायचे. मी म्हातारीला सांगितलं. ती नको म्हनाली, तिचा जीव घाबरा व्हायचा. मी घोंगडं उचललं. तवा ती मला काय म्हनाली...” म्हातारा थांबला. “म्हनाली, पोरीला बोल लागत असंल तर जाती मी आत. पर तिला सांगू नगंस. तिला कळलं तर ती मला परत भाइर झोपवंल.”

शालनच्या हातातले कागद खाली गेले. तिने तोंडावर पदर धरला. कमलने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या बाकावरचा पैलवान तर उघडउघड रडत होता आणि ते लपवायला त्याच्याकडे कुस्तीचं पान नव्हतं.

मग शालन म्हणाली, “मामा, हे तुमी मला कधी सांगितलं का न्हाय?”

“ती नगं म्हनली व्हती ना.”

“मग आता का सांगितलं?”

म्हाताऱ्याने काठीने कागद दाखवले. “तू निम्मंच लिवलंस. मला राहवलं न्हाय.”

शालनने डोळे पुसले. “लिवू का हे?”

“लिव. पर नीट लिव. मला लई चांगला करू नगंस. घोंगडं मी जोरात टाकलं व्हतं. त्येबी लिव.”

तात्या उठले आणि त्यांनी तो हार धुळाआबांच्या गळ्यात घातला. आबांना कळेचना, हे कशाबद्दल. मला मात्र वाटलं, पाहुणा वेळेवर पोचला.

त्यानंतर आमची बैठक महिन्याच्या एका रविवारी भरू लागली. एकदा बारामतीत, एकदा इंदापुरात. काही वर्षं जोरात चालली. इंदापूरच्या गुरुजींची कविता किटलीवाल्या आजोबांना कळू लागली, हा आमच्या सगळ्यांचा विजय होता. कमलने गिरणीतल्या गोष्टी कागदावर उतरवल्या, शेवट बदलूनच. एक रुखरुख आहे ती पणदऱ्याची. डेअरीत फॅट मोजायचं नवं मशीन आलं, काम झटपट होऊ लागलं, रांगच राहिली नाही. सचिव म्हणाले, “बाई, आता वाचू कुणासाठी? दूध घातलं की माणूस निघाला.” त्यांना मी वाचनालयात वाचन करायला बोलावलं. ते आलेही दोनदा. पण किटल्यांच्या आवाजाशिवाय त्यांचा सूर लागला नाही. त्यावर मला काही करता आलं नाही.

शालनची गोष्ट तिने चार वेळा लिहिली. मग ती एका दिवाळी अंकात आली. अंक हातात पडला तो नेमका इंदापूरच्या बैठकीच्या दिवशी. शालन त्या दिवशी आली नव्हती, भेंडीची तोडणी होती. धुळाआबा मात्र आले होते. ते आता प्रत्येक बैठकीला यायचे. वाचता येत नव्हतं, पण कुणाचं खोटं वाटलं की काठी आपटायचे.

परतताना दुपारच्या गाडीत जगतापच होते. गाडी भरलेली. आबांनी अंक माझ्या हातातून घेतला आणि जगतापांपुढे धरला. “वाच की.”

“आबा, ड्युटीवर हाय मी.”

“तिकिटं झाली न्हवं?”

“बाई वाचतील.”

मी म्हटलं, “इंजिनाच्या आवाजात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? तुम्हीच वाचा.”

जगतापांनी चिमटा खिशात टाकला, मधल्या दांड्याला पाठ टेकली आणि वाचायला सुरुवात केली. गाड्यांची नावं पुकारून तयार झालेला तो आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचला. आधी लोक आपसांत बोलत होते. मग पुढचे गप्प झाले, मग मागचे. मेंढरं विकली, स्लॅबचं घर झालं, म्हातारी अंगणात झोपू लागली. म्हाताऱ्याने घोंगडं जोरात आत टाकलं, तिथे जगताप आले आणि आबांच्या शेजारी बसलेली एक जाडजूड बाई, मांडीवर पिशवी घेतलेली, कडाडलीच, “कसला म्हनायचा हा म्हातारा! दगुड हाय दगुड! बायकूला एवढंसं अंगन देऊ नये?”

“व्हय, लई वाईट,” मागून कुणीतरी म्हणालं.

जगताप वाचायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे. आबा समोर बघत होते. मग ते त्या बाईकडे वळून शांतपणे म्हणाले, “त्यो मीच हाय. जरा दम धर, बाई. म्होरं येतंय माजं.”

गाडीतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

“वाच,” आबा जगतापांना म्हणाले.

जगतापांनी वाचलं. गाडी कन्हेरीच्या फाट्यावर येऊन थांबली. गोष्टीतली म्हातारी तेव्हा दारात उभी होती आणि नवऱ्याला काहीतरी सांगत होती. आबा उठले नाहीत. ज्यांना उतरायचं होतं त्यांतलं कुणीच उठलं नाही. ड्रायव्हरने मागे वळून बघितलं, हात लांब केला आणि इंजिन बंद केलं. फाट्यावर एकदम शांत झालं. आता जगतापांना ओरडायची गरज नव्हती. ते शेवटचं पान हळू आवाजात वाचत राहिले.

संपल्यावर आबांनी अंक घेतला, बंडीच्या खिशात घडी करून ठेवला आणि सावकाश उतरले. काठी आतच राहिली. त्या बाईने ती खिडकीतून बाहेर दिली. “आबा, जपून जावा,” ती म्हणाली. आबांनी काठी घेतली, मान हलवली आणि गावाच्या रस्त्याला लागले. जगतापांनी दोरी ओढायला हात वर केला होता, पण म्हातारा दिसेनासा होईपर्यंत त्यांनी घंटी दिली नाही.